दुपारी बंद असलेलं उद्यान: नाशिकच्या जुन्या गावातलं एक प्रकरण

एप्रिलमधली दुपार, पावणेदोनचा सुमार. उद्यानाच्या कोऱ्या फाटकाला कुलूप. बाहेर फुटपाथवर, कुंपणावरून रस्त्याकडे झुकलेल्या वडाच्या सावलीत पंधरा-वीस माणसं ओळीनं टेकलेली. एका आजींनी मांडीवर फडकं सोडून भाकरी-ठेचा काढला होता. सुरगाण्याकडच्या होत्या. जमिनीच्या दाव्याची तारीख होती, म्हणून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांनी जाळीतून आतल्या रखवालदाराला हाक मारली, "बाबा, उघड ना रं. घटकाभर टेकते."

तो म्हणाला, "आजी, चार वाजता उघडंल. बोर्ड वाचा की."

आजींना बोर्ड वाचता येत नव्हता. येत असता तरी कुलूप उघडलं नसतंच म्हणा.

बोर्ड माझा होता. अक्षरांची उंची, खांबाची जाडी, हिरव्यावर पांढरा रंग, सगळं मी काढून दिलेलं. 'सकाळी 5 ते 10, दुपारी 4 ते रात्री 9' ही ओळही माझ्याच नकाशातली. ती मला कुणी सांगितली नव्हती. आधीच्या एका कामाच्या फाइलमधून वेळांचा तक्ता उचलून इथे चिकटवला होता. तिथे त्या वेळा का होत्या, हेही मी कधी विचारलं नव्हतं. पुढचं सगळं प्रकरण त्या एका ओळीचं आहे.

जागा आणि तिथली माणसं

मी लँडस्केपची कामं करते. या उद्यानाच्या नूतनीकरणात एका सल्लागार कंपनीच्या हाताखाली आराखडा काढायचं काम माझ्याकडे होतं. उद्यानाचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चुकीचा मोठा वाटा माझाच असताना बाकीच्यांची नावं छापणं बरं दिसत नाही.

जागा सव्वा एकराच्या आतबाहेर, जुन्या गावाच्या कडेला. नाशिकमध्ये कुणी "जरा गावात जाऊन येतो" म्हणालं, की तो मेन रोड, दहीपूल, भद्रकाली, रविवार कारंजा या पट्ट्यात चाललाय असं समजायचं. त्याला लागूनच शालिमार, आणि पुढे सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, जिल्हा न्यायालय, कलेक्टर कचेरी. या भागात रात्री झोपणारी माणसं वेगळी आणि दिवसा वावरणारी वेगळी. वाड्यांतली बरीच घरं गंगापूर रोडला, इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला गेली. मागे उरले ते बहुतेक म्हातारे, भाडेकरू आणि वाटणीत अडकलेले वाडे. दिवसा मात्र इथे पाय ठेवायला जागा नसते. कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली, हातगाडी ओढणारे हमाल, पेठ-हरसूल-सुरगाण्याहून कोर्टकचेरीला आलेली माणसं, दवाखान्यात कुणाला तरी घेऊन आलेले नातेवाईक. यातल्या कुणालाही दुपारी बारा ते चार बसायला हक्काची जागा नाही. चहाच्या टपरीवर बसायचं तर चहा घ्यावा लागतो, आणि एका चहावर तासभर बसू देईल असा टपरीवाला मला तरी अजून भेटलेला नाही.

जुनं उद्यान मोडकळीला आलेलं होतं. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, कारंज्याच्या हौदात पाचोळा आणि कागदी ग्लास, दिवे बंद. फाटकाची एक झडप कधीच गेली होती, त्यामुळे ते दिवसरात्र उघडं. आणि मधोमध वड, त्याला दगडी पार.

पार म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण तो बांधतात कसा हे सांगते. बुंध्यापासून चांगलं अंतर सोडून घडीव दगडाचं कडं, आत मुरूम आणि माती, वर फरशी नाही किंवा असलीच तर सांधे सैल. पाऊस आत मुरतो, मुळांना हवा लागते. कड्याची रुंदी हात-दीड हात, उंची गुडघ्याएवढी. त्यावर पाय सोडून बसता येतं, मांडी घालून बसता येतं, आडवंही होता येतं. पाराला पाठ नसते, म्हणून माणसं चारी दिशांना तोंड करून बसतात आणि अनोळखी माणसाकडे सतत बघत बसावं लागत नाही. आम्ही कॉलेजात जे बरंच काही शिकलो, त्यातलं निम्मं या एका बांधकामात आधीच होतं. हे मला आता कळतंय. नकाशा काढताना कळलं असतं तर पार तोडून टाकला नसता.

यादी

पहिल्या बैठकीत माझ्या हातात यादी पडली: जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, मुलांची खेळणी, संगीत कारंजं, हिरवळ, सेल्फी पॉइंट, सजावटीचे दिवे, कुंपण, रखवालदाराची खोली, प्रसाधनगृह. यात वाईट काही नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मागितलेलीच असते. पण अंदाजपत्रक ज्या दरसूचीवरून बनतं, तिच्यात पेव्हर ब्लॉकचा दर चौरस मीटरला मिळतो, बाकाचा दर नगाला मिळतो, सावलीला दर नाही. जे आधीपासून आहे आणि ज्यावर खर्च करायचा नाही, ते कागदावर दिसतच नाही. पार कागदावर आला तो फक्त 'जुनं बांधकाम काढून टाकणे' या ओळीत.

वड मात्र वाचला. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. तोडायची परवानगी मिळणं सोपं नाही. मग आम्ही सगळे करतात तेच केलं. झाड ठेवलं आणि त्याच्या बुंध्याला भिडेपर्यंत पेव्हर ब्लॉक घातले. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीसाठी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितली होती. ते मला ठाऊक होतं. नकाशात एक मीटरचं वर्तुळ काढलंही होतं. ठेकेदारानं ते भरून टाकलं, कारण "चिखल होतो मॅडम". मी एक पत्र लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

यादीत एक भर एका उस्तादांमुळे पडली. जुन्या उद्यानाच्या कोपऱ्यात मल्लखांबाचा एक खांब होता. शेजारच्या तालमीतली मुलं त्यावर यायची. ओपन जिमच्या यंत्रांसाठी नेमका तो कोपरा हवा होता. उस्ताद कार्यालयात येऊन बसले. ओरडले नाहीत, निवेदन दिलं नाही, नुसते बसून राहिले. मल्लखांबाची कूळकथा आमच्याच जिल्ह्यात, सप्तशृंगी गडावर जाते. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना तिथे ही विद्या सुचली असं सांगतात. उस्तादांनी ही गोष्ट साहेबांना दोनदा ऐकवली. खांब राहिला. मी खूश होऊन त्याच्याखाली रंगीत रबराचा थर, ज्याला ईपीडीएम म्हणतात तो, अंथरायचं सुचवलं. उस्तादांनी विचारलं, "यावर दुपारी पाय ठेवून पाह्यलाय का ताई?" नव्हता ठेवला. हवा चाळीस अंशांवर असेल तेव्हा उन्हातलं रबर साठच्या वर जातं. त्यांनी खांबाखालची माती खणून भुसभुशीत करून घेतली आणि सरावाच्या वेळी वर टाकायला गाद्या मागितल्या. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं, त्यामुळे तो कोपरा आजही ओळखू येतो, वास येतो.

काय जमलं

जमलेल्या गोष्टी लवकर सांगून टाकते. पहाटे पाच वाजता बायका एकट्या चालायला येऊ लागल्या, हे दिव्यांमुळे. खेळण्यांवर संध्याकाळी रांग लागते. ओपन जिमच्या यंत्रांवर तरुणांपेक्षा साठीतल्या बायका जास्त दिसतात, नऊवारीतल्याही. चालायची वाट रुंद आहे, उताराला 1:12 चं प्रमाण, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, पाळलंय, त्यामुळे चाकाची खुर्ची आत येऊ शकते. म्हणजे आली असती. पण मोटारसायकली घुसू नयेत म्हणून उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी फाटकात आडवातिडवा लोखंडी घोडा बसवला आणि खुर्ची बाहेरच अडली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन तो सरकवून घ्यायला चार महिने लागले.

संगीत कारंजं दोन महिने चाललं.

काय चुकलं

हिरवळीपासून सुरुवात करते. 900 चौरस मीटर हिरवळ मी मोठ्या हौसेनं काढली होती. एप्रिल-मेमध्ये तिला रोज 5 मिलिमीटर तरी पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे दिवसाला साडेचार हजार लिटर, जवळजवळ एक छोटा टँकर, आणि तोही अशा वस्तीच्या मधोमध जिथे उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. बोअर आटल्यावर पहिल्याच मेमध्ये हिरवळ पिवळी पडली. ती वाचवायला 'हिरवळीवर पाय ठेवू नये' ही पाटी आली. म्हणजे उद्यानातला सगळ्यात मोठा मोकळा तुकडा फक्त बघायला उरला.

मग बाक. बाक ग्रॅनाइटचे, सोळा इंच रुंद, मध्ये दोन लोखंडी हात. हे हात हात टेकायला नव्हते. कुणी आडवं होऊ नये म्हणून होते. बैठकीत तसं स्पष्ट बोललं गेलं होतं आणि मी मान डोलावली होती. सोळा इंचांवर पाय सोडून बसता येतं. पण सहा तास एसटीत आणि कोर्टाच्या बाहेर पाय लोंबकळत काढलेल्या बाईला पाय वर घेऊन मांडी घालायची असते. त्याला दोन फूट तरी लागतात. दुपारी ग्रॅनाइट तापतो तो वेगळाच. पाराचा दगड तापत नव्हता, कारण त्यावर वड होता. आम्ही बाक ठेवले वाटेच्या कडेला, उन्हात, दिव्यांच्या ओळीत. नकाशात फार सुरेख दिसत होते.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे वेळ. मोडक्या फाटकाच्या दिवसांत दुपारभर पारावर जी माणसं असायची, ती आता दहा वाजता शिट्टी मारून बाहेर काढली जात. सकाळी चालायला येणारे आणि संध्याकाळी मुलं घेऊन येणारे, या दोघांसाठी उद्यान झकास झालं. त्यांच्यासाठी घराजवळ निदान गच्ची तरी असते. ज्यांच्यासाठी गावात दुसरं काहीच नव्हतं, त्यांचा वड गजाआड गेला. उद्घाटनाच्या भाषणांत 'नागरिक' हा शब्द बऱ्याचदा आला. आजी नागरिक नाहीत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं.

कुलूप हरवलं

बदल झाला तो कुणाच्या शहाणपणानं नाही. रंगपंचमीमुळे झाला.

नाशिकची रंगपंचमी रहाडींची. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले. वरून गाड्या जातात. रंगपंचमीला खणून उघडतात, पूजा होते, रंग कालवतात आणि लोक धप्पा मारतात, म्हणजे थेट उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा ही नावं नाशिककराला सांगावी लागत नाहीत. वर्षात एक दिवस उघडणारी सार्वजनिक जागा, आणि तिच्यावर अख्ख्या गावाचा हक्क.

त्या वर्षी रहाडीतून निघालेला घोळका नळ शोधत उद्यानापाशी आला. फाटक बंद. कुलूप तोडलं की आपोआप तुटलं यावर दोन मतं आहेत. रखवालदार मामांच्या मते ते "निघालं". नवं कुलूप मागवायला कार्यालयात अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर सही. यात नऊ दिवस गेले. नऊ दिवस उद्यान दुपारीही उघडं राहिलं.

मामांनी मला फोन केला तो तक्रारीसाठी. "मॅडम, दुपारची लई माणसं येतात. तुम्ही एकदा येऊन बघा." मी गेले, डबा घेऊन, वडाखाली पेव्हर ब्लॉकवर सतरंजी टाकून बसले. सलग तीन दुपारी. दुकानातल्या मुली दीड वाजता येत, चौघी-पाचजणी, आणि बरोबर पंचवीस मिनिटांत उठत. एकीनं सांगितलं की एरवी त्या दुकानाच्या मागे, मालाच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्यानं डबा खातात. हमाल दोनच्या पुढे येत आणि सरळ झोपत. कोर्टाची माणसं कागदांची पिशवी उशाला घेऊन बसत आणि दर थोड्या वेळानं कुणाला तरी वेळ विचारत. सहाव्या दिवशी एक चणेवाला आला. भांडण एकच झालं, पंख्याच्या वाऱ्यासारख्या एका मोक्याच्या सावलीवरून.

हिरवळीवर कुणीही गेलं नाही. उन्हात कोण जाणार?

बैठक

मी दोन पानांचं टिपण दिलं. दुपारी उद्यान उघडं ठेवावं, वडाभोवतीचे ब्लॉक उखडून पार पुन्हा बांधावा, बाकांचे हात कापावेत. कार्यालयाची हरकत एकच: दुपारच्या पाळीला माणूस कुठून आणायचा? खरी हरकत आली ती सकाळी चालणाऱ्या ज्येष्ठांच्या गटाकडून. त्यांच्यातले एक आप्पा मला म्हणाले, "ताई, तुम्ही राहता गंगापूर रोडला. जुनं उद्यान कसं होतं ते आम्ही रात्री खिडकीतून बघितलंय. बाटल्या आम्ही उचलल्यात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खरंच होतं. बंद फाटकाची मागणी त्यांनी वर्षानुवर्षं केली होती आणि ती पूर्ण झाल्याचं त्यांना समाधान होतं. गरिबांना हाकलायचं म्हणून कुणी कुलूप मागितलं नव्हतं. रात्रीच्या दारूड्यांसाठी मागितलं होतं, ते दुपारच्या भाकरीवर पडलं.

तोडगा निघाला तो आप्पांच्याच बोलण्यातून. ते चिडून म्हणाले, "मग तो वडच काढून द्या ना रस्त्याला!" मी नकाशा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला कुंपणाची रेघ पुन्हा मारली. वड कुंपणापासून वीस-बावीस फुटांवर होता. कुंपण वडाच्या आतल्या बाजूनं फिरवलं तर पार रस्त्याच्या बाजूला येतो, दुपारी तो उघडा राहतो आणि मागचं उद्यान आपल्या वेळेला बंद होतं. जास्तीचा रखवालदार नको. रात्री पारावर दिवा, आणि तो थेट आप्पांच्या खिडकीखाली. दिव्याची अट त्यांनीच घातली.

कुंपण हलवायला, ब्लॉक काढायला आणि पार बांधायला मिळून जो खर्च आला, तो संगीत कारंज्याच्या पंपापेक्षा कमी होता. दगड नवा लागला नाही. जुन्या पाराचे घडीव दगड ठेकेदाराच्या गोदामामागे पडून होते. अर्धे मिळाले, अर्धे कुणाच्या तरी फार्महाउसला गेले असणार. उरलेल्या जागी साधा काळा पाषाण लावला. जोड दिसतो. दिसू दे.

त्यानंतर

सगळं सुरळीत आहे असं नाही. पारावर पत्रावळी आणि गुटख्याच्या पुड्या पडतात. दोन कुत्री कायमची मुक्कामाला आली आहेत. एकदा एक माणूस चार दिवस तिथेच राहिला. मामांनीच त्याला डबा दिला आणि मग त्याच्या भावाला पेठहून बोलावून घेतलं. चणेवाल्याबरोबर आता उसाच्या रसाची गाडी उभी राहते, आणि ती फुटपाथ अडवते ही तक्रार रास्त आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न प्रसाधनगृहाचा, आणि तो सुटलेला नाही. ते राहिलं कुंपणाच्या आत. दुपारी पारावर बसलेल्या बायकांना त्याचा उपयोग नाही. भिंतीला रस्त्याकडून दुसरं दार पाडायचा नकाशा मी दिलाय. त्यावर 'सिंहस्थानंतर बघू' असा शेरा आहे. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांपुढे एका दाराची फाइल कुठे पुढे सरकणार! तोवर दुकानातल्या मुली दुपारी पाणी कमी पितात. मला त्यांच्यातलीच एक सहज म्हणाली, जणू हवामान सांगावं तसं.

वडाला पहिल्या पावसाळ्यात बुंध्याजवळ नवी पालवी फुटली. हिरवळीतला अर्धा तुकडा काढून तिथे करंज आणि बहावा लावलेत. सावली पडायला सहा-सात वर्षं जातील.

बाकांचे हातही कापले. वेल्डरनं ग्राइंडर लावला, पण बुडाशी पोचेना, म्हणून दोन-दोन इंचांचे खुंट राहिले. मी म्हटलं, घासून सपाट करा, कुणाला तरी लागेल. त्यानं टोकं गोल करून दिली आणि बाकीचं उद्यावर टाकलं. मग तीन-चार बाक मामांनी माणसं लावून पाराशेजारच्या सावलीत ओढून आणले. मागच्या आठवड्यात गेले होते. वेल्डरचा तो उद्या अजून आलेला नाही. एका खुंटाला कोर्टाच्या कागदांची पिशवी अडकवली होती, दुसऱ्याला डबा. पिशवीचा मालक बाकाखाली फरशीवर, चप्पल उशाला घेऊन झोपला होता. बाक त्याला अजूनही अरुंदच पडत होता.